रातांधळेपणाची वंशावळ

रब्बीच्या दिवसांत विदर्भातल्या ओलिताच्या गावांत रात्री वावरांमधून विजेऱ्यांचे उजेड हलताना दिसतात. शेतीपंपांना चक्राकार पद्धतीने वीज मिळते आणि ज्या आठवड्यात ती रात्रीच्या वाट्याला येते, त्या आठवड्यात हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी रात्रीच द्यावे लागते. ओलीत नसेल तेव्हा रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखायला जागल असते. अशा गावात एखादा तरुण डवरणीपासून फवारणीपर्यंत दिवसाची सगळी कामे नीट करतो, मात्र दिवेलागणीनंतर घराबाहेर पडायला कुरकुरतो, धुऱ्यावरून चालताना पाय चुकून पाण्यात पडतो, आणि झाडीपट्टीचे नाटक पाहायला मित्रांबरोबर निघाला तर अर्ध्या वाटेवरून परत फिरतो. गाव त्याला आधी आळशी म्हणते, मग भित्रा म्हणते आणि पुष्कळ वर्षांनी कधीतरी रातांधळा म्हणते. हा शब्द उच्चारला गेला की प्रश्न सुटल्यासारखे वाटते, कारण त्यावरचा उपाय शाळेच्या पुस्तकापासून सर्वांना पाठ असतो: गाजर, पपई, शेवग्याचा पाला आणि जीवनसत्त्व ‘अ’.

हा उपाय ज्या रातांधळेपणाला लागू पडतो तो कुपोषणाचा. मात्र रातांधळेपणाचे दुसरेही एक मोठे कारण आहे, ते जनुकांत असते, आणि त्याला गाजर पुरत नाही. या दुसऱ्या प्रकाराच्या कुटुंबांसाठी सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने सर्वांत आधी काय करावे, एवढ्याच प्रश्नाचा विचार इथे करायचा आहे. माझे उत्तर असे की, परदेशातला महागडा जनुकोपचार, म्हणजे सदोष जनुकाची निरोगी प्रत पेशींत पोचवणारा उपचार, आपल्याकडे कधी येईल याची वाट पाहत बसण्याआधी, या कुटुंबांची वंशावळ ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर लिहून घेण्याचे काम सरकारने आपले मानावे, आणि ते करताना जातीकडे किंवा नात्यातल्या लग्नाकडे बोट दाखवण्याचा मोह आवरावा.

आपल्याकडे लोक ज्याला ‘डोळ्याचा पडदा’ म्हणतात त्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी मंद उजेडात आणि कडेच्या नजरेसाठी काम करतात. शंकुपेशी भर उजेडात, रंगांसाठी आणि बारीक अक्षरांसाठी. या पेशींना जगण्यासाठी लागणारी एखादी प्रथिने तयार करणारे जनुक जन्मतःच सदोष असेल, तर पेशी हळूहळू मरू लागतात. रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘आरपी’, या विकारात बहुधा दंडपेशी आधी जातात. त्यामुळे पहिल्यांदा रात्रीची नजर जाते, मग कडेची नजर आक्रसत जाते, आणि पुढे माणूस नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढे पाहतो. तक्त्यावरची अक्षरे तो वाचू शकतो, पण बाजूला ठेवलेल्या घागरीला अडखळतो. स्टारगार्ट या विकारात उलट घडते. मधली नजर शाळेच्या वयातच मंदावते आणि मूल फळ्यावरचे वाचू शकत नाही, तरी अंगणात खेळते, धावते. म्हणून शिक्षकांना ते नाटक वाटते. काही मुलांच्या शंकुपेशी जन्मापासूनच काम करत नाहीत. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात त्यांना दिवसा डोळे उघडवत नाहीत आणि सांजवेळी मात्र बरे वाटते. या सर्वांना मिळून ‘आनुवंशिक दृष्टिपटल-विकार’ म्हणतात, आणि त्यांना कारण ठरणारी २७० हून अधिक जनुके आजवर सापडली आहेत. एकट्या आरपीची जनुके ऐंशीच्या वर जातात. एकाच नावाच्या आजारामागे इतकी वेगवेगळी कारणे असण्याला पुढच्या सगळ्या युक्तिवादात महत्त्व आहे.

हा विकार इतका विरळ आहे की त्यासाठी ग्रामीण यंत्रणा राबवणे परवडणार नाही, असा समज असतो. जगभरच्या पाठ्यपुस्तकांतला आकडा पाहिला तर आरपीचे प्रमाण साधारण ४,००० माणसांत १ असे येते. परंतु आपल्या दारातला एक अभ्यास वेगळे सांगतो. नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या खेड्यांमध्ये २००६ ते २००८ या काळात ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या नावाने मोठी पाहणी झाली. तीस वर्षांवरच्या ४,७११ ग्रामस्थांचे डोळे त्यात तपासले गेले, आणि आरपीचे प्रमाण ७५० मागे १ इतके निघाले. या आकड्याचा टिळा लावून लगेच मिरवू नये. ४,७११ ला ७५० ने भागले तर उत्तर सहाच्या आसपास येते, म्हणजे इतक्या थोड्या रुग्णांवर तो उभा आहे आणि एखाद-दुसऱ्या कुटुंबाने तो वरखाली होऊ शकतो. तरीही दक्षिण भारतातल्या ग्रामीण पाहणीत तर ३७२ मागे १ असे त्याहूनही चढे प्रमाण आढळलेले आहे, म्हणून त्याला योगायोग म्हणून सोडूनही देता येत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांची लोकसंख्या सुमारे २ कोटी ३० लाख होती. ४,००० मागे १ हा सर्वांत कंजूष हिशेब धरला तरी पावणेसहा हजार माणसे होतात. नागपूरच्या पाहणीचा हिशेब निम्म्याने खरा मानला तरी ही संख्या दुपटीच्या पुढे जाते. ही माणसे कुठल्या तालुक्यात आहेत, किती घरांत आहेत, याची एकत्रित नोंद कुठल्याही सरकारी कपाटात नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट दरवर्षी ठरते आणि मोजलेही जाते, कारण अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून मुख्यतः मोतीबिंदूभोवती उभा राहिला. ते योग्यच होते. पण जे उद्दिष्टात नाही ते दिसेनासे होते, हाही एक प्रकारचा रातांधळेपणाच आहे.

आता नात्यातल्या लग्नाकडे वळू, कारण हा विषय निघाला की चर्चा हमखास तिथे जाऊन अडते. विदर्भात मामाची मुलगी करण्याची चाल अनेक समाजांत आहे. गोंड समाजात अशा सोयरिकीला ‘दूध लौटावा’ असे सुंदर नाव आहे: ज्या घराने मुलगी दिली त्या घरी मुलगी परत द्यायची. ज्या घरात डोळ्यांचा विकार निघतो त्या घरी शहरातला शिकलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, “नात्यात केलं होतं का?” यात थोडे शास्त्र आहे. आरपीचे पुष्कळ प्रकार अप्रभावी असतात, म्हणजे सदोष जनुकाची प्रत आईकडून आणि वडिलांकडून अशी दोन्हींकडून आली तरच विकार होतो; आणि नवरा-बायकोचे आजी-आजोबा एकच असले तर तीच प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. बर्लिनच्या रिचर्ड लीबराइख या डॉक्टरांनी आरपी आणि नात्यातली लग्ने यांचा संबंध १८६१ मध्येच नोंदवला होता. त्यांनी पाहिलेल्या कुटुंबांत ज्यू कुटुंबे बरीच होती, आणि एका समाजाकडे बोट दाखवण्याची सुरुवात या आजाराच्या इतिहासात किती लवकर झाली हेही त्यातून कळते.

परंतु हे शास्त्र अर्धेच आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. समजा, एखाद्या जनुकाचा सदोष प्रकार समाजात २०० प्रतींमागे १ असा विरळ आहे. नाते नसलेल्या जोडप्याच्या मुलाला तो दोन्हीकडून मिळण्याची शक्यता ४० हजारांत १ येते. तेच जोडपे मामे-आतेभावंडांचे असेल तर ती सुमारे ३ हजारांत १ होते. म्हणजे नात्यामुळे धोका तेरापट वाढला, आणि बोट दाखवणाऱ्याचे म्हणणे खरे ठरले. आता दुसरे उदाहरण घेऊ. एक पोटजात आहे, तिच्यात शेकडो वर्षे आपसातच सोयरिकी होतात, आणि तिच्या मूळच्या थोड्या घराण्यांपैकी एकात सदोष प्रकार होता. त्यामुळे आज तो ३० प्रतींमागे १ इतका पसरलेला आहे. या पोटजातीत नाते अजिबात नसलेल्या जोडप्याच्या मुलालाही विकाराची शक्यता ९०० त १ आहे, आणि मामे-आतेभावंडांचे लग्न असेल तर सुमारे ३२० त १, म्हणजे तिपटीहूनही कमी वाढ. या दुसऱ्या समाजातले ‘दूरची सोयरीक’ करणारे जोडपे पहिल्या समाजातल्या मामेबहीण करणाऱ्या जोडप्यापेक्षा तिपटीहून अधिक धोका पत्करते, आणि त्याला कुणी प्रश्नही विचारत नाही, कारण पंचक्रोशीच्या दृष्टीने त्याने सगळे नियमाप्रमाणे केलेले असते.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८१ गटांचा मूळचा पाया इतका लहान होता की, आनुवंशिक आजारांच्या अभ्यासात नेहमी ज्यांचे उदाहरण दिले जाते त्या फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही त्यांच्यावरचा ठसा अधिक खोल होता. या ८१ पैकी १४ गट दहा लाखांहून मोठ्या लोकसंख्येचे होते. म्हणजे जात मोठी आहे म्हणून जनुकांचे भांडार मोठे असेल, असे मानायला आधार नाही. मामाच्या मुलीवर सगळे खापर फोडणाऱ्या माणसाने स्वतःच्या मुलासाठी स्थळ पाहताना पोटजातीची अट का सोडली नाही, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. परंतु तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि जातिअंताचा आग्रह डोळ्यांच्या आजाराच्या आडून मांडण्याची गरज नाही, त्याची कारणे मुळातच पुरेशी आहेत.

शिवाय सगळेच प्रकार अप्रभावी नसतात. काही कुटुंबांत विकार पिढ्यानपिढ्या बापाकडून लेकीला, लेकीकडून तिच्या मुलाला असा प्रत्येक पिढीत उतरतो. तिथे सदोष प्रत एकच पुरते आणि नात्यातल्या लग्नाचा काही संबंध नसतो. ऱ्होडॉप्सिन या प्रथिनाच्या जनुकातला असा बदल १९९० मध्ये सापडला आणि आरपीचे मूळ पहिल्यांदा जनुकापर्यंत पोचले. काही कुटुंबांत मामाला होते आणि भाच्याला आले, असे दिसते. आईला फारसे काही नाही, तिचे भाऊ आणि तिचे मुलगे मात्र तरुणपणीच दृष्टी गमावतात. तो दोष एक्स गुणसूत्रावर असतो, आणि सासरी याच बाईला ‘माहेरून आजार घेऊन आली’ असे ऐकावे लागते. अप्रभावी प्रकारात आईबाप दोघेही धडधाकट आणि एकाच पिढीतली दोन-तीन भावंडे बाधित, असे चित्र असते. तिथे दोष दोन्ही घराण्यांतून सारखाच आलेला असतो, पण बोलणी खायची वेळ आली की तीही तिच्याच वाट्याला येते.

वरच्या परिच्छेदातली तिन्ही चित्रे ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही. कागद, पेन्सिल, घरातली एखादी म्हातारी आणि अर्धा तास, एवढ्यावर ती उभी राहतात. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल, बाधितासाठी भरलेली खूण, नात्यातले लग्न असेल तर दुहेरी रेघ. तीन पिढ्यांची अशी वंशावळ काढली की कोणत्या जनुकांच्या गटात शोध घ्यायचा याचा पुष्कळसा निवाडा तिथेच होतो, आणि पुढची रक्ताची चाचणी कमी अंधारात चाचपडते. आपल्याकडे वंशावळीचे वेड जुने आहे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या खापरपणजोबांची सही सापडली की माणूस गहिवरतो. पण अशा वह्या बहुधा पुरुषांच्या नावांनी पुढे जातात. लेक परक्या घरी गेली की तिची रेघ तिथे थांबते. डोळ्यांच्या विकाराची वंशावळ मात्र मावशी, आत्या, मामेभाऊ आणि लेकीची लेक यांच्याशिवाय वाचताच येत नाही. ती सांगणार घरातली बाई, कारण कुणाच्या मावशीला संध्याकाळी चुलीजवळचे भांडे दिसत नसे, हे तिलाच आठवते. म्हणून हे काम नागपूरच्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटांत होण्यासारखे नाही. ते तालुक्याच्या ठिकाणी, आशाताईंच्या ओळखीने, नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याने निवांत बसून करण्यासारखे आहे.

“इलाजच नाही तर नाव कळून काय करायचे?” हा आक्षेप घेणारे बहुधा डॉक्टरच असतात, आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेतो. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाला एका शहरातल्या तज्ज्ञाने एका वाक्यात निकाल दिला होता, “पडदा सुकला आहे, काही होणार नाही, पैसे वाया घालवू नका.” हेतू चांगला होता. परंतु त्या वाक्यानंतर त्या कुटुंबाने सहा वर्षांत जडीबुटीवाल्यांपासून मूलपेशींचे इंजेक्शन देणाऱ्यांपर्यंत जे पैसे घालवले, त्यांत दोन एकर ओलिताचे वावर गेले. ज्याला आजाराचे नाव आणि स्वरूप नीट समजावून सांगितले जात नाही, तो आशेच्या बाजारात एकटा सापडतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताशी संबंधित ठरावीक आजार सोडले तर मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त संशोधन-चाचणीबाहेर करता येत नाही, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घेणे हीच फसवणुकीची खूण असते; एवढी माहिती त्या घराला कुणी लेखी दिली असती तरी वावर राहिले असते.

‘इलाज नाही’ हे विधान सरसकट खरेही नाही. रातांधळेपणाने सुरू होणारे थोडे विकार असे आहेत की ज्यांत वेळेवर निदान झाले तर आहाराने किंवा औषधाने नुकसान रोखता किंवा मंदावता येते: रेफ्सम आजारात फायटॅनिक आम्ल टाळणारा आहार, गायरेट अॅट्रॉफीत आर्जिनिन कमी असलेला आहार आणि काही रुग्णांत जीवनसत्त्व ‘बी-६’, आणि आतड्यांतून स्निग्ध पदार्थ शोषलेच जात नाहीत अशा एका विकारात जीवनसत्त्व ‘अ’ आणि ‘ई’. हे फार विरळ आहेत, हे मान्य. बार्डे-बीडल हा मात्र ओळखायला तितका अवघड नाही. हाताला किंवा पायाला सहावे बोट, लहानपणापासून वाढते वजन, आणि रात्रीचे न दिसणे. गावात सहाव्या बोटाचे कौतुक होते आणि वजनाची थट्टा होते, पण या मुलाचे मूत्रपिंड तपासायला हवे हे कुणाच्या लक्षात येत नाही. अशर सिंड्रोममध्ये कमी ऐकू येणारे मूल पुढे दृष्टीही गमावू लागते. ज्या मूकबधिर शाळेत ते खुणांची भाषा शिकते तिथे पुढची तयारी आताच करायला हवी, हे शाळेला माहीत असणे गरजेचे असते. स्टारगार्टमध्ये तर उलट सावधगिरी लागते. तिथे जीवनसत्त्व ‘अ’च्या मोठ्या मात्रा टाळायच्या असतात, कारण त्यापासून तयार होणारा अपायकारक साठाच पडद्याचे नुकसान करतो. गाजराच्या सल्ल्याने बिघडणार नाही, पण डोळ्यांची तक्रार आली की सवयीने दिल्या जाणाऱ्या कॅप्सूलने बिघडू शकेल. आरपीच्या रुग्णालाही मोतीबिंदू लवकर होतो आणि पडद्याच्या मध्यभागी पाणी साचते. दोन्हींवर उपचार असतात, आणि ‘काही होणार नाही’ हे वाक्य ऐकून घरी बसलेला माणूस तेही गमावतो.

आणि जनुकोपचार? अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये लक्सटर्ना या औषधाला मान्यता मिळाली. आरपीई-६५ या एका जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या आणि पडद्यात जिवंत पेशी शिल्लक असलेल्या रुग्णांनाच ते चालते, आणि तिथली दोन डोळ्यांची किंमत ८ लाख ५० हजार डॉलर होती. आपल्या दुर्मीळ आजार धोरणात २०२१ नंतर झालेल्या बदलांनी मदतीची कमाल मर्यादा ५० लाख रुपये झाली, पण ती या किमतीपुढे फारच अपुरी आहे. म्हणून ‘उपचार आणा’ ही घोषणा मला आज पोकळ वाटते. परंतु अशा प्रत्येक उपचाराच्या दारावर पहिला प्रश्न एकच असतो: जनुक कोणते? ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्यासाठी दार उघडले काय आणि नाही काय. शिवाय आपल्या लोकांच्या जनुकांतले अनेक बदल पाश्चात्त्य माहितीकोशांत नाहीत, त्यामुळे चाचणी करूनही ‘अर्थ अनिश्चित’ असा निष्कर्ष हाती येतो. जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुल्या झालेल्या ‘जिनोम इंडिया’च्या दहा हजारांवर भारतीयांच्या माहितीने ही अडचण काहीशी कमी व्हावी, मात्र एखादा अनिश्चित बदल खरोखर अपायकारक आहे की नाही हे ठरवायला सर्वांत चांगला पुरावा कोणता, तर त्याच घरातल्या बाधित आणि अबाधित भावंडांत तो कसा वाटला गेला आहे हा. म्हणजे पुन्हा वंशावळ.

विदर्भाला या बाबतीत एक अनुभव आधीच आहे, तो सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले; चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे लक्ष्य आहे. त्याआधीपासून विदर्भातली आशाताई सिकलसेलची तपासणी ओळखते. तेव्हा कुणी म्हणेल की हीच यंत्रणा डोळ्यांसाठी वापरा, लग्नाआधी सर्वांची तपासणी करा, कार्डे द्या आणि जुळवा. हे मला मान्य नाही. सिकलसेलमध्ये जनुक एक, त्यातला बदल एक, आणि चाचणी स्वस्त. दोन वाहकांची, म्हणजे सदोष प्रत एकच असल्याने स्वतः आजारी नसलेल्यांची, सोयरीक टाळा, एवढे सांगता येते. दृष्टिपटलाच्या विकारांत जनुके शेकड्यांनी आणि बदल हजारांनी आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाचा अंदाज असा की, जगातली सुमारे ३६ टक्के माणसे अशा कोणत्या ना कोणत्या अप्रभावी बदलाची निरोगी वाहक आहेत. दर तिघांत एक वाहक असेल तर ‘वाहक’ या शब्दावरून सोयरीक मोडण्यात काय अर्थ उरतो? सर्व गावाची चाळणी लावण्यापेक्षा बाधित माणसापासून सुरुवात करून त्याची भावंडे, मग आईबापाकडचे नातलग, असे घराच्या आतून बाहेर जाणे इथे शास्त्रालाही धरून आहे आणि खर्चालाही.

सिकलसेलने आणखी एक धडा दिला, आणि तो कडू आहे. त्या आजाराला ठरावीक समाजांची नावे चिकटली. कार्ड ट्रंकेच्या तळाशी गेले, आणि मुलगी पाहायला पाहुणे आले की घरातली चर्चा बंद झाली. आरपीच्या घरांत हे लपवणे अधिक सोपे असते, कारण पाहण्याचा कार्यक्रम दिवसा होतो. लग्नानंतर पहिल्या अमावास्येला सासरी जे कळते त्याचे परिणाम मी दोन घरांत पाहिले आहेत, आणि दोन्ही ठिकाणी दुःख आजाराचे कमी आणि फसवले गेल्याचे जास्त होते. म्हणून नोंदवही हवी, असे मी म्हणतो तेव्हा तिच्यावरच्या कुलपाचाही आग्रह धरतो. वहीत जातीचा रकाना नको. ज्या संशोधनाला समाजगटाची माहिती लागते त्याने ती वेगळ्या संमतीने घ्यावी. नोंद ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा आशाताईच्या डायरीत राहू नये. नातेवाइकांना कळवायचे की नाही हे रुग्णाने ठरवावे, आणि कळवायचे ठरले तर ते कसे सांगायचे यासाठी समुपदेशक असावा. नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर आणि गोंदिया इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत मिळून असे दोन-तीन प्रशिक्षित समुपदेशक नेमणे म्हणजे सरकारी तिजोरीला धक्का नव्हे.

मुलांपर्यंत पोचण्याची वाट तर तयारच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात आणि जीवनसत्त्व ‘अ’च्या कमतरतेची लक्षणेही पाहतात. पाच वर्षांचे होईपर्यंत मुलाला या जीवनसत्त्वाच्या नऊ मात्रा मिळायच्या असतात. ज्या मुलाच्या कार्डावर त्या सगळ्या नोंदलेल्या आहेत आणि तरीही ते संध्याकाळी भिंत धरून चालते, त्याला दहावी मात्रा देऊन घरी न पाठवता पुढे पाठवावे, इतकी सूचना पथकाच्या कागदात वाढवायची आहे. सोबत एकच प्रश्न, “घरात आणखी कुणाला रात्री कमी दिसतं?” उत्तर ‘हो’ आले की वंशावळीची पहिली रेघ तिथेच पडली.

मोठ्यांसाठी मात्र सर्वांत निकडीची गोष्ट जनुकांशी नव्हे, प्रमाणपत्राशी निगडित आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात अंधत्वाची व्याख्या केवळ अक्षरांच्या तक्त्यावर ठरत नाही. चांगल्या डोळ्याने पाहण्याचे क्षेत्र १० अंशांहून कमी असेल तर तेही अंधत्वच, आणि ४० अंशांहून कमी पण १० पर्यंत असेल तर ती अल्पदृष्टी. आरपीचा रुग्ण ६/९ किंवा ६/१२ ची ओळ सहज वाचतो, आणि शिबिरात तक्ता वाचून झाला की “तुला तर चांगलं दिसतंय” असे ऐकून परत येतो. नळीतून पाहिल्यासारखे जग पाहणाऱ्या माणसाला कायद्याने जे दिले आहे ते शिबिरातल्या टेबलावर नाकारले जाते, कारण क्षेत्र मोजणारे परिमितीचे यंत्र तिथे नसते किंवा ते चालवणारा त्या दिवशी नसतो. क्षेत्रमापन झाल्याशिवाय आरपीचा अर्ज फेटाळू नये, असा साधा लेखी आदेश जिल्हा रुग्णालयांना देता येईल. एसटीची सवलत, नोकरीतले आरक्षण, निराधारांची पेन्शन, हे सगळे त्या एका मोजणीवर अवलंबून असते. आणि रात्रीच्या पाळीचे ओलीत आपल्याला झेपणार नाही हे चारचौघांत सांगायचे धैर्यही पुष्कळदा हातात कागद असला तरच येते.